आधी ‘नको’ शिकवा, आणि मराठीत शिकवा

आरोग्य आणि अर्थ या दोन्ही विषयांना एकाच वेळी हात घालणारा एक प्रश्न आपल्यापैकी काही घरांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर रोज निघतो. मूल तीन वर्षांचे झाले, चार वर्षांचे झाले, पण बोलत नाही. किंवा बोलते, पण कार्टूनमधली वाक्येच्या वाक्ये म्हणते आणि तहान लागली की फ्रीजपाशी उभे राहून नुसते रडते. डॉक्टरांनी ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केलेले असते. टेबलावर थेरपी सेंटरचे दरपत्रक असते, आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर एक तोंडी सूचनाही मिळालेली असते, की घरात यापुढे फक्त इंग्रजी बोला.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे. डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ तर नाहीच. पण आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, आणि गेली चार वर्षे हा विषय आम्हा नवराबायकोचा रोजचा गृहपाठ आहे. त्या अधिकाराने माझे मत मांडतो. वर्तनशास्त्राच्या आधारे भाषा शिकवण्याच्या पद्धती उपयोगी आहेत, मात्र तासांच्या मोजमापाने त्या विकत घेता येत नाहीत. आणि आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने त्यांची सुरुवात मराठीतच करावी.

आपण राहतो त्या देशाचा या विषयाशी जुना संबंध आहे. दरवर्षी २ एप्रिलला जगभर स्वमग्नता जागृती दिन पाळतात. त्याचा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात कतारने मांडला होता, आणि तो १८ डिसेंबर २००७ रोजी संमत झाला. दोह्यातील शफल्ला केंद्र १९९९ पासूनचे. २०१७ साली कतारने स्वमग्नतेसाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत येथील ६ ते ११ वर्षे वयाच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण १.१४ टक्के आढळले, म्हणजे साधारण ८७ मुलांमागे एक. आपल्या गणेशोत्सवाला किती मुले येतात ते आठवावे, म्हणजे हा विषय दोनचार घरांपुरता नाही हे ध्यानात येईल. तेव्हा शंका असेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून हमद वैद्यकीय महामंडळ किंवा सिद्रा येथे तपासणीसाठी चिठ्ठी मागावी. ‘मुलगे उशिरानेच बोलतात’ हे घरगुती शास्त्र बाजूला ठेवावे.

आता पद्धतीकडे वळू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे ‘व्हर्बल बिहेवियर’ हे पुस्तक १९५७ साली निघाले. दोन वर्षांनी नोम चॉम्स्की यांनी त्याचे असे कडक परीक्षण केले, की पुस्तकापेक्षा परीक्षणच जास्त गाजले. सर्वसाधारण मूल भाषा कशी आत्मसात करते याविषयी चॉम्स्कींचे म्हणणे मला अधिक पटते. पण जे मूल भाषा आपसूक उचलत नाही त्याला ती शिकवायची कशी, या व्यवहारी प्रश्नाला स्किनरची विभागणी कामी आली. पुढे जॅक मायकेल, मार्क सुंडबर्ग आदींनी ती स्वमग्न मुलांच्या वर्गात नेली.

ही विभागणी समजली की अर्धे काम झाले, असा माझा अनुभव आहे. ‘पाणी’ हा एकच शब्द घेऊ. तहान लागल्यावर मूल ‘पाणी’ म्हणते ती मागणी. समुद्रकिनारी बोट दाखवून ‘पाणी’ म्हणते तेव्हा ते नाव सांगत असते. आपण ‘पाणी’ म्हटल्यावर तेही ‘पाणी’ म्हणते ते अनुकरण. आणि ‘तहान लागली की काय पितोस?’ याचे उत्तर म्हणून समोर पाणी नसताना ‘पाणी’ म्हणते तो संवाद. आपल्या कानाला चारही वेळा एकच शब्द ऐकू येतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र ही चार स्वतंत्र कौशल्ये असू शकतात, आणि एक आले म्हणून दुसरे येईलच याची खात्री नसते. आमच्या धंद्यात एकाच नावाची चार फंक्शन्स चार फाइलींत असू शकतात. एक चालले म्हणून उरलेली तीन तपासल्याशिवाय कोणी पुढे पाठवत नाही.

ही गोष्ट माहीत नसल्यामुळे काय होते ते मी पाहिले आहे. शंभर चित्रे दाखवली तर शंभरांची नावे सांगणारे, पाहुण्यांपुढे ‘हत्ती, जिराफ, पाणघोडा’ म्हणून दाखवणारे मूल पोटात दुखले तर सांगू शकत नाही. चित्रांचे गठ्ठे पाठ करून घेणे सोपे असते, मोजायला सोपे असते आणि महिन्याच्या अहवालात शोभूनही दिसते. मुलाला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून मागणी आधी शिकवावी.

कशी? मुलाला आवडणारी वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवायची. आमच्याकडे हे काम फिरकीच्या झाकणाच्या पारदर्शक डब्याने केले. डब्यात चुरमुरे. मूल डबा आणून हातात देते, आपला हात ओढते. तिथे लगेच झाकण उघडायचे नाही. मनात पाचपर्यंत मोजायचे, त्याच्याकडे पाहायचे, आणि ते बोललेच नाही तर आपण म्हणायचे, ‘उघड’. त्याने नुसते ‘उ’ म्हटले तरी झाकण तत्क्षणी उघडायचे आणि चुरमुरे द्यायचे. चॉकलेट नव्हे, शाबासकीचे भाषणही नव्हे. जे मागितले तेच बक्षीस. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त थांबायचे, मदत थोडी कमी करायची. काही आठवड्यांनी ‘उ’वर न थांबता ‘उघड’ची वाट पाहायची. दिवसाला अशा दहापंधरा संधी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, गाडीत सहज मिळतात. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी प्रसंगातून शिकवण्याची अशीच रीत १९७५ च्या सुमारास मांडली होती. टेबलखुर्ची लागत नाही, फ्लॅशकार्डांचा संचही लागत नाही.

टेबलखुर्चीची रीत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ओले इवार लोवास, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. १९८७ साली त्यांनी १९ लहान मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तास, एका मुलामागे एक शिक्षक, दोन वर्षे किंवा अधिक. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण पहिलीच्या वर्गात गेली आणि बुद्ध्यंकाच्या चाचणीतही सर्वसाधारण ठरली. जगभरच्या आईबापांच्या डोक्यात ‘४० तास’ हा आकडा तेव्हापासून बसला. पण त्या प्रयोगात कोणत्या मुलाला कोणत्या गटात घालायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि मुलाला मोठ्याने ‘नाही’ म्हणणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे हाही त्या शिकवणीचा भाग होता. ही दुसरी बाजू दरपत्रकावर छापलेली नसते.

आता ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. पहिला शब्द कोणता शिकवावा असे मला कोणी विचारले तर मी ‘आई’ सांगत नाही, ‘नको’ सांगतो.

स्वमग्न मूल चावते, डोके आपटते, ताट भिरकावते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली चार मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की या आदळआपटीमागे काहीतरी सांगायचे असते. काम अवघड आहे, मला सुटका हवी, किंवा माझ्याकडे कोणी बघत नाही. त्यांनी शिक्षा केली नाही. ‘मला समजत नाही’, ‘मी बरोबर करतोय का?’ अशी त्या त्या कारणाला लागू पडणारी वाक्ये मुलांना शिकवली, आणि वाक्य कारणाशी जुळले तिथे आदळआपट कमी झाली. या एका विचाराने वर्तनशास्त्राची सगळी दिशा पालटली असे मला वाटते. मूल वाईट वागत नाही, ते शब्दाशिवाय बोलत असते.

आमचा मुलगा स्वतःच्या मनगटाला चावायचा. आम्ही तीन आठवडे वहीत नोंदी ठेवल्या, केव्हा चावतो, त्याआधी काय झाले, नंतर काय झाले. ताटात भेंडी वाढली की, केस विंचरायला घेतले की, पाठीला लेबल टोचणारा शर्ट घातला की. तिन्हींचा अर्थ एकच, नको. मग शिकवणी सुरू झाली. भेंडीची एक फोड ताटाजवळ न्यायची, मुलाचा तळवा हाताने धरून पुढे करायचा, आपण ‘नको’ म्हणायचे आणि भेंडी ताबडतोब उचलायची. तळव्याची खूण पाचव्या दिवशी स्वतःहून आली. शब्द यायला दोन महिने लागले. त्या काळात आम्ही घरात एक नियम केला होता. गाडीचा पट्टा, औषध आणि रस्ता ओलांडताना धरायचा हात एवढे सोडून प्रत्येक ‘नको’ मानायचा. आजी साताऱ्याहून आलेली होती, तिला हे मुळीच पटले नाही. ‘अरे, लाडावेल पोरगं,’ म्हणाली. त्यात तथ्य होते, काही दिवस त्याने शाळेचे बूट, आंघोळ आणि मोरी या सगळ्यांना ‘नको’ म्हणून पाहिले. पण मनगटावरचे वळ गेले. त्यानंतर ‘आधी हे, मग ते’ शिकवता आले, कारण आता बोलणी करायला दोन पक्ष होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जाते. जे मूल प्रत्येक हुकूम पाळायला शिकलेले आहे, हात वर म्हटले की हात वर करते, बस म्हटले की बसते, त्याला उद्या कोणी नको तिथे हात लावला तर ते काय करणार? नकार देता येणे ही त्याच्या सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. ‘तुमच्याकडे मुलाला नकार शिकवता का, आणि त्याने नकार दिल्यावर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न कोणत्याही थेरपी सेंटरला पहिल्याच भेटीत विचारावा. उत्तर देताना समोरची व्यक्ती गोंधळली तर मी दुसरे ठिकाण शोधीन.

आणि इथेच मराठीचा मुद्दा येतो. इंग्रजीत एका ‘नो’वर दोन वेगळी कामे असतात. भेंडी पुढे आली की ‘नो’, आणि ‘हा चेंडू आहे का?’ याचे उत्तरही ‘नो’. पहिले मागणीच्या जातीचे, दुसरे माहितीच्या. स्वमग्न मुलाला ही दोन कामे वेगवेगळी शिकवावी लागतात, आणि शब्द एकच असल्याने घोटाळा होऊ शकतो. मराठीने ही विभागणी आधीच करून ठेवली आहे. भेंडी ‘नको’, चेंडू ‘नाही’. ‘हवं’ आणि ‘हो’ यांचेही तसेच. शिवाय ‘नको’, ‘हवं’, ‘दे’, ‘पुरे’, ‘अजून’, ‘थांब’ हे एकेकटे उभे राहणारे शब्द आहेत. ‘मी’, ‘मला’ यांच्याशिवाय वाक्य अडत नाही. ‘भूक लागली’ यात कर्ता शोधावा लागत नाही. ज्या मुलांची ‘मी’ आणि ‘तू’ यांत गफलत होते, आणि स्वमग्न मुलांत ती बऱ्याचदा होते, त्यांना ही सोय फार मोलाची आहे.

सोय आहे तशा अडचणीही आहेत. आपण मुलाला विचारतो, ‘तुला पाणी हवं का?’ मूल ते वाक्य जसेच्या तसे उचलते आणि तहान लागली की आपल्यालाच विचारते, ‘तुला पाणी हवं का?’ उपाय सोपा आहे. प्रश्न न विचारता मुलाच्या तोंडी शोभेल ते म्हणायचे, ‘पाणी हवं’, आणि ग्लास द्यायचा. दुसरी अडचण लिंगाची. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा ‘मी येते’ म्हणतो. पाहुणे हसतात. हसू नये. उलट बाबांनी संध्याकाळी मुद्दाम ‘मी येतो’, ‘मी बसतो’ ही वाक्ये कृतीसकट त्याच्यासमोर बोलावीत. मुलगी असेल तर हे काम आईकडे. इंग्रजीत हा त्रास नाही हे मान्य, पण यापायी भाषा सोडावी इतका तो मोठा नाही.

आपल्या घरांतली स्थिती अशी असते, की आईबाप मराठी, शाळा इंग्रजी, घरकामाला येणारी बाई नेपाळची किंवा श्रीलंकेची, रस्त्यावर अरबी, आणि थेरपिस्ट केरळची किंवा मनिलाची असली तरी शिकवणी इंग्रजीत. एवढ्या भाषांनी मूल गोंधळेल ही भीती मनाला पटते. आम्हालाही एका ठिकाणी ‘वर्षभर मराठी बंद ठेवा’ असे सांगण्यात आले होते. आम्ही आधार विचारला, तो मिळाला नाही, आणि आम्ही मराठी बंद केली नाही. मॉन्ट्रियलमधल्या हॅम्ब्ली आणि फोंबोन यांनी २०१२ साली ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांच्या घरातली मुले एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा भाषेत मागे पडलेली त्यांना आढळली नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात स्पॅनिश बोलणाऱ्या घरातल्या एका स्वमग्न बालकाला तोच धडा दोन्ही भाषांत देऊन पाहिला. घरच्या भाषेत उत्तरे अधिक बरोबर आली आणि चिडचीड कमी झाली. एका बालकावरून नियम बांधता येत नाही हे खरे. पण ‘फक्त इंग्रजी’ हा नियम तर तेवढ्याही आधाराविना सांगितला जातो.

शिवाय भाषा बंद केल्यावर घरात काय होते याचाही विचार करावा. ऑफिसात आपले इंग्रजी उत्तम चालते. पण पडल्यावर फुंकर घालताना, रागावताना, झोपवताना कोणते शब्द येतात? ते शब्द अडवले की माणूस कमीच बोलतो. जे मूल आधीच कमी बोलते त्याच्या घरात आईही कमी बोलू लागली, तर त्याने ऐकायचे कोणाचे?

मंडळातले एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, ‘शाळा इंग्रजीत, पुढचे जग इंग्रजीत. मग बिचाऱ्यावर मराठीचे ओझे कशाला?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबाने कदाचित वेगळा निर्णय घ्यावा. आपण कतारमध्ये आहोत. येथील वास्तव्य नोकरीच्या करारापुरते. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या तेव्हा, आणि २०२० च्या साथीत नोकऱ्या गेल्या तेव्हा, आपल्यातली कितीतरी कुटुंबे दोन महिन्यांच्या आत बाडबिस्तरा बांधून परतली. आपण सगळेच कधीतरी परतणार. आपली इतर मुले कुठेही जातील, कोणतीही भाषा शिकतील. पण या मुलाचे प्रौढपण बहुधा पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात किंवा सांगलीत जाणार आहे. तिथे दुकानदार, रिक्षावाला, शेजारच्या काकू, आणि आपल्या माघारी त्याला सांभाळणारी मावसबहीण, ही सगळी माणसे मराठी बोलणार आहेत. ‘वॉटर प्लीज’ सुरेख उच्चारात म्हणणारा तीस वर्षांचा माणूस तिथे चालून जाईल, पण ‘इथं दुखतंय’ म्हणता येणारा माणूस जास्त सुरक्षित राहील.

ज्यांची मुले पडद्यावरून आधीच इंग्रजी उचलून बसली आहेत त्यांनी ती हिसकावून घेऊ नये, हेही सांगतो. मुलाने ‘वॉटर’ म्हटले तर पाणी द्यावे, आणि देताना ‘पाणी’ म्हणावे. मागणी कोणत्याही भाषेतली असो, ती वाया जाऊ देऊ नये.

आता पैशाचे. हिशेबापुरते धरू की एका तासाचे २०० रियाल पडतात. आठवड्याला ३० तास घेतले तर चार आठवड्यांचे २४,००० रियाल होतात. आपल्यापैकी किती जणांच्या पगारात हे बसते? जे बसवतात ते गावचे घर विकून, भविष्य निर्वाह निधी मोडून, दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे वळवून. म्हणून तासांविषयीचे संशोधन माहीत असणे हे आर्थिक नियोजनच आहे. कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात या सघन पद्धतीवरचे अवघे ५ अभ्यास निकषांत बसले, मुले मिळून २१९, आणि पुरावा दुबळा ठरवला गेला. २०२४ साली मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १४४ अभ्यासांतील ९,०३८ मुलांची आकडेवारी एकत्र तपासली. अधिक तास दिल्याने अधिक फायदा होतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ शिकवणी निरुपयोगी आहे असा नाही. ३० तासांसाठी घर विकायला लावील असा पुरावा नाही, एवढाच अर्थ आहे.

माझा सल्ला असा, की आठवड्याला तीनचार तास अनुभवी व्यक्तीचे घ्यावेत आणि त्यांतला निम्मा वेळ तिने आपल्याला शिकवण्यात घालवावा. वरच्याच दराने महिन्याला २,४०० ते ३,२०० रियाल होतील. पालकांना खोलीत बसू न देणाऱ्या ठिकाणी मी मूल सोडणार नाही. मुलाने मराठीत मागितले तर वस्तू देणार का, हे आधी ठरवून घ्यावे. ‘हवं’, ‘नको’, ‘पुरे’, ‘थांब’ हे चार शब्द थेरपिस्टला लिहून द्यावेत, कोणालाही अर्ध्या तासात येतात. भिंतीवरचे प्रमाणपत्र कोणाचे आणि कधीचे हेही पाहावे. अमेरिकेतील बी.ए.सी.बी. या मंडळाने २०२३ पासून मोजके देश सोडून बाहेरचे नवे अर्ज घेणे बंद केले आहे, तेव्हा ‘लवकरच मिळणार’ या आश्वासनावर विसंबू नये.

पालकांनी शिकवल्याने काही होते का? याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेत आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ साली ती ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाली. पदवीधर तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आईबापांच्या मुलाशी खेळण्याचे चित्रीकरण करून त्यांना तेच दाखवत दाखवत शिकवले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याच्या वेळात मात्र सुधारणा झाली नाही, उलट घट दिसली. ही पद्धत स्किनरच्या घराण्यातली नव्हे, हेही नोंदवतो. पण मूल काय करू पाहते ते ओळखून थांबणे आणि मग त्याला जोड देणे, हा धागा दोन्हींत आहे, आणि तो महाग नाही.

भारतातील कायद्याविषयी थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा सुट्टीवर गेल्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. त्यावर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना मिळू शकते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकत्वाचा रीतसर आदेश लागतो, त्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. दिव्यांग आश्रितासाठीची प्राप्तिकरातील वजावट मात्र निवासी भारतीयांनाच मिळते, आपल्याला नाही.

या सगळ्या पद्धतीवर सर्वात कडक टीका करतात ती मोठी झालेली स्वमग्न माणसे. लहानपणी आम्हाला डोळ्यांत डोळे घालून बघायला लावले, हात फडफडवू दिले नाहीत, आम्हाला शिकवले नाही तर दडपले, असे ती सांगतात. ही माणसे याच वाटेने गेलेली आहेत, त्यांचे ऐकावे. आमच्या घरी डोळ्यांत बघण्याचा धडा नाही. आनंद झाला की मुलगा हात फडफडवतो, ते थांबवण्याचे काही कारण मला दिसत नाही. ज्याने कोणाला इजा होत नाही ते वर्तन बदलण्यासाठी मी पैसे मोजणार नाही.

शब्द येतच नसतील तर चित्रांचा आधार घ्यावा. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सुरू केलेल्या पद्धतीत मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देते आणि वस्तू मिळवते. चित्रांची सवय लागली तर बोलणे येणार नाही ही भीती निराधार आहे. २००६ च्या एका आढाव्यात अशा साधनांच्या उत्तम नोंदी असलेल्या २७ व्यक्ती तपासल्या, एकीचेही बोलणे कमी झाले नव्हते, बहुतेकांचे वाढले होते.

आमचा मुलगा आज दोनतीन शब्दांची वाक्ये बोलतो. ‘आजी फोन हवा.’ ‘आवाज नको, बाहेर.’ हे दुसरे वाक्य त्याने मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला झांजा सुरू झाल्यावर म्हटले आणि आम्ही त्याला घेऊन बाहेर गेलो. पुढच्या उत्सवात सभागृहालगतची एक छोटी खोली दिवा मंद करून, चटई टाकून अशा मुलांसाठी मोकळी ठेवता येईल का, अशी विनंती मी कार्यकारिणीला केली आहे. खर्च काही नाही.

मराठी शब्दांच्या चित्रकार्डांचे चार संच आम्ही घरीच छापून प्लास्टिकचे आवरण घातले आहेत. ते मंडळाच्या ग्रंथालयाच्या कपाटात, दिवाळी अंकांच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आहे. प्रत्येक संचात ४० कार्डे आहेत. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी, आणि महिन्याभरात परत आणावे. ‘नको’चे कार्ड प्रत्येक संचात दोनदा घातले आहे, कारण तेच आधी फाटते.